ठाऊक नाही म्हणणारं पान

आमच्या ऑफिसात नवा माणूस रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याला खुर्ची मिळत नसे. गच्चीवरचं ऊन मिळत असे. मलाही मिळालं. पुण्यात काही वर्षं संगणकावर डोळे फोडून, तिथल्या भाड्याला आणि टोमण्यांना कंटाळून मी कोल्हापूरला परत आलो होतो आणि राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटा करायला लागलो होतो. पहिल्याच सकाळी एक उंच, सावळी, चष्मा डोळ्यांऐवजी डोक्यावर चढवलेली बाई माझ्या टेबलाशी आली. तिनं माझ्या हातात एक मोबाइल ठेवला.

“चला कुलकर्णी, वर. उन्हात बघू.”

“काय बघू?”

“तुमी पुण्यात केलेलं पान. त्यात उघडून ठेवलंय. वाचून दाखवा.”

गच्चीवर खालच्या बिऱ्हाडातल्या कुणीतरी सांडगे वाळत घातले होते. त्यांच्याशेजारी उभा राहून मी माझंच पान वाचायचा प्रयत्न करत होतो आणि मला माझंच पान वाचता येत नव्हतं. राखाडी रंगाची नाजूक अक्षरं होती ती. पुण्यात त्यांचं फार कौतुक झालं होतं. इथं त्या पडद्यात मला फक्त माझा घामेजलेला चेहरा दिसत होता.

“एसीत बसून केलेलं दिसतंय,” ती म्हणाली. “आमच्याकडं मानसं फोन रस्त्यावर बघतात. टपरीसमोर, एस्टीच्या रांगेत, न्हायतर बांधावर. एसीत बसलेल्याला मोठा कंप्युटर असतोयच की.”

मला राग आला. कंपनीत मुलाखत साहेबांनी घेतली होती, मग ही कोण? ही शालन कांबळे. कंपनीनं केलेलं प्रत्येक पान दिसायला कसं असावं हे ठरवणारी. सगळे तिला शालनताई म्हणायचे. आठवड्याभरात मीही म्हणायला लागलो. राग मात्र जायला महिना लागला.

काळ होता दोन हजार सात-आठचा. फोनमध्ये इंटरनेट येऊ लागलं होतं, पण रडतखडत. पडदे एवढेसे. बोटानं सरकवायचा फोन तर सुरुवातीला अख्ख्या राजारामपुरीत एकच होता, तो आमच्या पोवार साहेबांच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून आणलेला. त्यावर हल्लीसारखी घडीघडीला नवी ॲप घेण्याची सोय नव्हती. फोनमधला ब्राउझर उघडायचा, पत्ता घालायचा, आणि येईल ते पान हेच ॲप. अशी पानं करायची असं साहेबांनी ठरवलं होतं. बाकी गावात ह्याला वेडेपणा म्हणत होते. शालनताई मात्र ह्याच कामासाठी जन्मल्यासारखी वागायची.

तिच्याजवळ एक पाटी होती. तिचे वडील मुरगूडला प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांच्या शाळेतली दगडी पाटी. करवतीनं कापून तिनं ती बरोबर फोनच्या पडद्याएवढी केली होती. आम्ही काहीही करायला घेतलं, की आधी ते ह्या पाटीवर पेन्सिलीनं काढून दाखवायचं. आम्ही मोठ्या पडद्यावर तीन रकाने, कडेला यादी, वर फिरतं चित्र अशी स्वप्नं रंगवत असू, आणि ही पाटी पुढे सरकवायची.

“ह्यात बसलं तर बसलं. न्हाय बसलं तर त्येची गरजच न्हाय.”

न बसलेलं पुसायला तिच्या टेबलावर डबीत ओला स्पंज असे. थुंकी लावून पाटी पुसायची नाही, ही वडिलांची शिकवण तिनं आमच्यासारख्या इंजिनिअरांनाही लावली होती. साहेब स्वतः एकदा विसरले. तेव्हा तिनं मुकाट्यानं पाटी नळाखाली धुऊन आणली, आणि साहेबांनी पुन्हा कधी तसं केलं नाही.

तिचं दुसरं माप म्हणजे बंडा पैलवान. ऑफिसच्या मागच्या गल्लीत तालीम होती. तिथला बंडा संध्याकाळी आमच्या खालच्या दुकानात दूध प्यायला यायचा. पहाडासारखा गडी, पण बोलणं एकदम लाजरं. शालनताईनं एकदा त्याला जिन्यावरूनच हाक मारली.

“बंडाभाऊ, एक बटन दाबून जावा की!”

बंडा वर आला. त्यानं मेव्हण्याच्या त्या फोनवर अंगठा टेकवला मात्र, मी केलेली तिन्ही बटणं अंगठ्याखाली गडप झाली. दाबलं गेलं ते भलतंच. बंडा घाबरला.

“मोडलं काय वं ताई?”

“फोन न्हाय मोडला. मोडायला पायजे ते कुलकर्णींचं पान.”

त्या दिवसापासून बंडाचा अंगठा हे आमचं माप झालं. बटण ‘एक बंडा’ असावं, दोन बटणांमध्ये निदान ‘पाव बंडा’ जागा असावी. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना मी बेसावधपणे म्हणून गेलो, “तुमचं बटण पाऊण बंडाच आहे, वाढवावं लागेल.” मग त्यांनी नम्रपणे विचारलं, की हे कुठलं नवं मानक आहे. शालनताई शेजारच्या टेबलावर तोंडात पदर कोंबून हसत होती.

“बोटाला विचारा” हे तिचं आणखी एक पालुपद. दोघांत वाद झाला की ती निवाडा करत नसे, फोन हातात देऊन म्हणायची, “बोटाला विचारा, बोट कुठं जातंय ते.” बोट बहुतेक वेळा तिच्याच बाजूनं कौल द्यायचं. ह्याचा मला फार वैताग यायचा.

देवाधर्माच्या बाबतीत ती एकदम सरळ होती. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की साहेब त्याला आधी देवदर्शनाला न्यायचे, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला. आम्ही सगळे आत जायचो. शालनताई बाहेर. “जावा तुमी. मी चपला सांभाळतो,” असं म्हणायची. कोल्हापुरात बायकाही स्वतःला ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, पुण्याची सवय झालेल्या माझ्या कानांना ते आधी खटकायचं. आम्ही बाहेर येईपर्यंत ती चपलांच्या ढिगाशेजारी बसून फुलवाल्या बायकांकडून गल्लीभरच्या बातम्या गोळा करायची. एकदा मी चाचरत विचारलं, आत न येता बाहेर बसायचं तिला वाईट वाटतं का.

“वाईट कशाला वाटंल? आमच्या आज्ज्यानं छप्पन साली सोडलं ते सोडलं. बुद्धाला हात जोडतो, बाकी कुनाचा राग न्हाय. चपला चोरीला जातात, हे मात्र खरं हाय.”

आणि अशा ह्या बाईनं आमच्याकडचं सगळ्यात सुंदर पान केलं, ते नृसिंहवाडीच्या दत्ताच्या दारासाठी. त्याला कारण आक्का.

आक्का तिची घरमालकीण. मंगळवार पेठेत त्यांचं घर होतं, माडीवरच्या खोलीत शालनताई भाड्यानं राहायची. आक्का माहेरच्या निपाणीकडच्या, त्यामुळे बोलण्यात कानडीचा हात. वयानं लहान बाईला त्या ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. शालनताई खोली बघायला गेली तेव्हा त्यांनीही आधी आडनावच विचारलं होतं. “कांबळे” म्हणून सांगून तिनं परत जायच्या तयारीनं चपलेत पाय घातला. आडनाव सांगितल्यावर खोली अचानक पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघते, हा अनुभव तिला त्याच गल्लीत येऊन गेला होता. आक्कांनी तिच्या चपलेतल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “नळाला पानी सकाळचं येतंय. लवकर उठून भरायला लागतंय. जमंल काय?”

“जमंल की.”

“मग सामान कवा आनतीस?”

त्या दिवसापासून ती त्यांची तंगी झाली. आक्कांना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दोघी एकमेकींच्या ताटातलं खायच्या आणि एकमेकींना मनसोक्त बोलायच्या.

आक्कांची एकच इच्छा राहिली होती. वाडीला पावसाळ्यात नदी चढली की पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या वेळी त्या दारात अंघोळ करायची. ह्याला दक्षिणद्वार म्हणतात. पण नदी काही पंचांग बघून चढत नाही. कधी पाणी दाराशी येऊन मागे फिरतं. कधी आणखी चढतं, मग देवाची मूर्ती वर नेतात आणि सगळं संपतं. आक्का लग्न होऊन आल्यापासून ही अंघोळ करीन म्हणत होत्या. एकदा त्या पोचल्या तर पाणी उतरलेलं. एकदा मूर्ती वर गेलेली. एकदा शिरोळच्या पुढे रस्ताच बुडाला आणि एस्टी परत फिरली. “माझ्यासाठी पानी यायला तयारच न्हाय बग,” असं म्हणून त्या हसायच्या, पण ते हसणं बरं नव्हतं. त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

“ह्या साली तुमाला न्हेतो,” शालनताईनं त्यांना सांगून टाकलं. “माझा शब्द.”

अडचण होती ती बातमीची. पाणी आलं की नाही हे कळणार कसं? वाडीत देवळाजवळ एक पेढेवाले अण्णा होते. कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत त्यांचा नंबर भिंतीवर लिहिलेला. नदी वाढली की सगळी पंचक्रोशी त्यांना फोन करायची, त्यामुळे तो कुणालाच लागत नसे. शालनताई वाडीला जाऊन अण्णांना भेटली आणि येऊन साहेबांना म्हणाली, “फोनवर उघडंल असं एक पान करू. अन्नांनी बघायचं आनि बटन दाबायचं. एका मानसाला हजारांनी विचारन्यापरीस एकानं हजारांना सांगितल्यालं बरं.”

साहेबांना कल्पना आवडली. गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना मिळत होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोरचं पान म्हणजे चौकातला डिजिटल बोर्ड. वर देवाचा फोटो, मध्ये आपला, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि उघडलं की घंटा वाजली पाहिजे. शालनताईनं पाटी पुढे केली. पाटीवर एकच शब्द होता, कडेपासून कडेपर्यंत: ‘आलंय’. तिनं तो पुसला आणि लिहिलं: ‘नाही अजून’.

“बाकी?” साहेबांनी विचारलं.

“बाकी काय? लोकं इचारनार काय? आलंय का. आपुन सांगायचं काय? आलंय न्हायतर न्हाय.”

“आनि माझा फोटू?”

“साहेब, तुमच्यावरनं पानी वाहनार हाय काय?”

फोटो गेला. अण्णांसाठी वेगळं पान केलं, त्यावर दोनच बटणं, दोन्ही पुरती एक-एक बंडा. खवा लागलेल्या बोटांनाही चुकायची सोय नव्हती. पावसाळ्यात वाडीत काय, कोल्हापुरात काय, फोनची रेंज येते-जाते, म्हणून शालनताईला आणखी एक सुचलं. एकदा उघडलेलं पान फोननं स्वतःजवळ जपून ठेवायचं, म्हणजे रेंज नसली तरी ते कोरं दिसणार नाही. ते जमलं तेव्हा तिनं ऑफिसभर बासुंदी वाटली. गच्चीत, जिन्यात, लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, कुठंही उघडा, पान उघडायचं. मी तिला इतकी खूश कधीच पाहिली नव्हती.

आणि नेमकं तिथंच पाणी मुरलं.

त्या पावसाळ्यात नदी चढली ती एका रविवारी. मी सकाळी काही कामानं आक्कांच्या घरी गेलो होतो. आक्का पहाटेपासून अंघोळीची नऊवारी पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन सोप्यात बसल्या होत्या. शालनताई शेजारी. दर थोड्या वेळानं फोन बघायची. ‘नाही अजून.’ पुन्हा बघायची. ‘नाही अजून.’

“न्हाय म्हनतंय व्हय?” आक्का विचारायच्या.

“न्हाय अजून. आलं की निघू.”

तिचा स्वतःच्या पानावर विश्वास होता. का नसावा? दुपारी जेवायच्या वेळेला समोरच्या घरातली मंडळी रिक्षातून उतरली. ओली लुगडी, हातात पेढ्यांचे पुडे. त्यातली एक बाई आक्कांच्या हातावर प्रसाद ठेवत म्हणाली, “तुमी न्हाय आला? सकाळीच आलतं की पानी! काय सांगू, काय आंगूळ झाली! आता न्हाय हां, आता मूर्ती वर न्हेली.”

शालनताईनं फोनकडे बघितलं. फोन अजूनही म्हणत होता, ‘नाही अजून’. अण्णांनी सकाळीच बटण दाबलं होतं. पण रेंज गेल्यावर जपून ठेवलेलं कालचं पान दाखवायचं, एवढंच आम्ही फोनला शिकवलं होतं; रेंज आल्यावरही तो तेच दाखवत बसला. कोरं पान दिसू नये म्हणून आम्ही धडपडलो होतो. शिळं पान ताज्यासारखं दिसतं, हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तिचा चेहरा उतरला. मी तिथून निघून जाण्याच्या विचारात होतो, पण पाय निघेना. तिनं आक्कांच्या पुढ्यात बसून त्यांना सगळं सांगितलं, यंत्राला दोष न देता. “माझं चुकलं आक्का. मी केल्यालं पान खोटं बोललं.”

आक्कांनी पेढा मोडून अर्धा तिच्या तोंडात घातला. “जाऊ दे ग तंगी. तुझं यंत्र माझ्यावानीच हाय. कालचंच आज सांगत बसतंय.”

शालनताई हसली आणि मग उठून माडीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती पाटी भरूनच. आधीच्या शब्दाखाली आता दोन ओळी होत्या. ‘पाहिलं कधी’ आणि ‘पाहिलं कोणी’. म्हणजे नुसती बातमी नाही, तर ती कुणाच्या डोळ्यांनी आणि केव्हा बघितलेली, हेही पानानं सांगायचं. आणि तासाभरात कुणी बघितलेलंच नसेल तर फोननं आपल्या घड्याळाकडे बघून जुना शब्द स्वतःच काढून टाकायचा. त्या जागी काय लिहायचं, ते तिनं पाटी उलटी करून दाखवलं. ‘ठाऊक नाही.’

साहेब उभेच राहिले. “ठाऊक न्हाय? लोकांनी पान उघडायचं आनि आपुन सांगायचं, ठाऊक न्हाय?”

“व्हय.”

“मी गिऱ्हाइकाला काय दाखवू? आमच्या कंपनीला ठाऊक न्हाय?”

“मानसानं ‘ठाऊक न्हाय’ म्हटलं तर आपुन त्याला खरा मानूस म्हनतो की न्हाय?”

“अवो, मानसाचं येगळं! कंप्युटरला ठाऊक न्हाय म्हंजे बंद पडला असंच लोक समजनार.”

“साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “रविवारी तुमच्या सासूबाईंना पानानं काय सांगितलं?”

साहेब खाली बसले. त्यांची सासुरवाडी सांगलीची. त्यांच्या सासूबाईंच्या फोननं आमच्या आक्कांच्या उलट केलं होतं. सकाळचं ‘आलंय’ जपून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत तेच दाखवलं. त्या सगळं घर गाडीत घालून तिन्हीसांजेला वाडीला पोचल्या आणि कोरड्याच परतल्या. मग त्यांनी जावयाला फोन केला होता. तो फोन आम्ही बाहेरच्या खोलीतूनही ऐकला होता.

“घाला,” साहेब म्हणाले. “ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय.”

आता ते पान नाही. कंपनीनं पुढे ते बंद केलं. हल्ली पाणी चढलं की लोक दारातूनच थेट चित्र पाठवतात, शब्दांची गरज कुणाला? शालनताई बंगळूरला मोठ्या कंपनीत गेली. जाताना पाटी घेऊन गेली, स्पंजाची डबी माझ्या टेबलावर राहिली. वर्षाकाठी एखादा फोन होतो, त्यात ती अजून मला “काय वं कुलकर्णी, उन्हात बघता का न्हाय?” असं विचारते. पण तिची आठवण म्हणून मनात येतो तो फोनवरचा आवाज नाही. येते ती त्या चुकीनंतरच्या पावसाळ्यातली एक सकाळ, म्हणून ती मी शेवटी ठेवली आहे.

मधल्या थंडीत आक्का मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. पावसाळा लागल्यावर त्यांनी शालनताईला जवळ बसवून सांगितलं, “तंगी, एकदाच न्हे. जाऊन तसाच परत आलो तर पुन्यांदा माझ्यानं हुनार न्हाय.” तिनं मला ते ऑफिसात सांगितलं आणि दिवसभर पाटीला हात लावला नाही.

नदी चढत होती. एका सकाळी तिचा फोन आला, की तुमच्या चुलत्यांची व्हॅन घेऊन या. मी पोचलो तेव्हा पायरीवर बंडा पैलवान बसला होता; आक्कांना उचलायला तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. आक्का खुर्चीत, मांडीवर तीच पिशवी. शालनताई दारात उभी राहून फोन बघत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘ठाऊक नाही’. खाली बारीक, ‘पाहिलं कधी: काल संध्याकाळी. पाहिलं कोणी: अण्णा’.

अण्णांचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, “थोडं थांबू या. अण्णा बटण दाबतीलच. एवढ्या खड्ड्यांतून आक्कांना न्यायचं आणि पाणी नसलं तर?”

ती पुन्हा पानाकडे बघत राहिली. तिचं स्वतःचं पान तिलाच उत्तर देत नव्हतं, आणि तसं ते तिनंच शिकवलेलं होतं.

“गेल्या साली ‘न्हाय’ म्हनालं म्हनून बसलो,” ती शेवटी म्हणाली. “आज न्हाय म्हनत न्हाय हे.”

“पण ‘आलंय’सुद्धा म्हणत नाही.”

“त्येच की. त्येला ठाऊक न्हाय. मग आपुन जाऊन बघायचं.”

“चला की मग,” आतून आक्का म्हणाल्या. “हितं बसून मला तरी कुठं ठाऊक हुनार हाय!”

बंडानं त्यांना खुर्चीसकट उचलून व्हॅनमध्ये ठेवलं. मी जपून चालवत होतो तरी प्रत्येक खड्ड्याला त्यांचे डोळे मिटायचे. तोंडातून आवाज मात्र काढला नाही. शिरोळच्या अलीकडे दोन्ही बाजूंच्या उसात पाणी उभं होतं. रस्त्याकडेला छत्री घेतलेला एक म्हातारा दिसला. मी गाडी थांबवून विचारलं, “बाबा, वाडीला दारात पाणी आलंय का?”

“ठाऊक न्हाय बा, पावनं,” तो म्हणाला. “जाऊन बगा की.”

शालनताईला हसू फुटलं. मग आक्कांना, मग बंडाला. त्या हसण्यातच आम्ही वाडीत शिरलो.

अण्णांच्या दुकानात गेलो तर अण्णा हात जोडूनच समोर आले. त्यांचा फोन पहाटे बासुंदीच्या कढईत पडला होता. “ताई, पान बगायचं र्‍हाऊ द्या,” ते म्हणाले, “आधी खाली पळा. आलंय!”

बंडानं खुर्ची खांद्याच्या उंचीवर धरून गर्दीतून वाट काढली आणि पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला ठेवली. दक्षिणेच्या दारातून गढूळ पाणी जोरात बाहेर येत होतं. बायका एकमेकींना धरून त्यात उभ्या होत्या. बंडा तिथून लाजून मागे सरला. शालनताईनं सवयीनं आमच्या सगळ्यांच्या चपला गोळा करून काखेत मारल्या होत्या आणि ती पायरीवर थांबली होती. आक्का खुर्चीचे हात धरून उठल्या, एक पाय पाण्यात घातला आणि लटपटल्या. त्यांनी मागे वळून बघितलं.

“तंगी, ये की.”

शालनताईनं एक क्षणही विचार केला नाही. चपला माझ्या हातात दिल्या, प्लास्टिकच्या पिशवीतला फोन त्यांच्यावर ठेवला, आणि ती नेसत्या साडीनिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिनं आक्कांना पाठीमागून दोन्ही दंडांत घट्ट धरलं. आक्का बुडी मारून वर आल्या, डोळे उघडले, आणि पहिली ओंजळ भरून त्यांनी तंगीच्या डोक्यावर ओतली. डोक्यावर चष्मा तसाच होता. त्यावरून पाणी गळत होतं आणि ती काचेआडून नाही, उघड्या डोळ्यांनी आक्कांकडे बघून हसत होती. पुढे कधीतरी साहेबांनी तिला देवाच्या पाण्यात उतरल्याबद्दल चिडवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आक्कांचा तोल गेला असता.”

“ओ कुलकर्णी!” ती पाण्यातून ओरडली. “बघत काय उभारलाय? दाबा की ‘आलंय’!”

“नाव कुणाचं घालू?”

“कुनाचं म्हंजे? आक्कांचं घाला! त्यांनीच बघितलंय!”

खाली रेंज नव्हती. काखेत सगळ्यांच्या चपला मारून मी पायऱ्या चढत वर आलो, दुकानांच्या रांगेपर्यंत. पडद्यावर रेंजची एक काडी दिसली तेव्हा अण्णांचं बटणांचं पान उघडलं, आक्कांचं नाव घातलं आणि ओल्या अंगठ्यानं बटण दाबलं. एक बंडाचं होतं, चुकलं नाही. ‘ठाऊक नाही’ गेलं आणि त्या जागी शब्द आला, ‘आलंय’. खाली, ‘पाहिलं कोणी: आक्का’.

शेजारी रेनकोट घातलेला एक गृहस्थ आपला फोन बघत उभा होता. तो एकदम जीपमधल्या घरच्यांकडे वळून ओरडला, “उतरा, उतरा! आलंय! आक्का म्हनून कोन बाई हाय, तिनं सोता बघितलंय!”

मी खाली बघितलं. शालनताई अजून पाण्यातच होती. आक्का म्हणत होत्या, आणखी एकदा, आणि ती त्यांना धरून उभी होती.